दयानंद कॉलेज आणि सोलापूरची चौथी भाषा

१९३८ सालच्या डिसेंबरात सोलापुरात आर्य समाजाची मोठी परिषद भरली. अध्यक्ष होते लोकनायक बापूजी अणे. विषय निजामाच्या राज्यातल्या धर्मस्वातंत्र्याचा होता, आणि पाठोपाठ १९३९च्या जानेवारीत हैदराबादचा सत्याग्रह सुरू झाला. त्याची मुख्य छावणी सोलापुरात पडली, याचं कारण नकाशा उघडला की कळतं. तुळजापूर निजामाचं, नळदुर्ग निजामाचं, आणि त्यांच्या कुशीला असलेलं सोलापूर मात्र इंग्रजी अमलातलं; शिवाय मुंबई-मद्रास लोहमार्गावरचं स्टेशन. पंजाबातून आणि संयुक्त प्रांतातून सत्याग्रहींचे जथे इथं उतरायचे आणि हद्द ओलांडून तुरुंगात जायचे. ऑगस्टात सत्याग्रह मिटला. जथे गेले, पण पंजाबशी जोडलेला धागा तुटला नाही. १९४० साली दयानंद कॉलेज सुरू झालं. तोवर गिरण्यांच्या या गावात एकही कॉलेज नव्हतं. मॅट्रिक झालेल्या पोरानं पुण्याची गाडी धरायची, नाहीतर गिरणीत, पेढीवर किंवा कचेरीत चिकटायचं, असा रिवाज होता.

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास म्हटलं की इमारती, देणगीदार, प्राचार्यांची मालिका आणि निकालाचे आकडे येतात. ते इतरत्र येतीलच. मी इथं एकच धागा धरणार आहे: या कॉलेजात इंग्रजी कोणाला आणि कशी शिकवली गेली. सोलापुरात इंग्रजी ही क्वचितच कोणाची दुसरी भाषा होती. बहुतेकांची ती तिसरी किंवा चौथी असायची. अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी ही गोष्ट कधी फारशी मनावर घेतली नाही, असं माझं मत आहे.

आधी थोडं लाहोरकडे जायला हवं, कारण हे कॉलेज मुळात तिथल्या दयानंद अँग्लो-वैदिक (डीएव्ही) संस्थेच्या परंपरेतलं. स्वामी दयानंद १८८३ साली अजमेरला वारले. त्यांच्या स्मरणार्थ १८८६ साली लाहोरात शाळा निघाली, आणि लाला हंसराज तिचे बिनपगारी मुख्याध्यापक झाले. संस्थेच्या नावातच अँग्लो आणि वैदिक हे दोन शब्द शेजारी बसवले होते. ते फार काळ गुण्यागोविंदानं नांदले नाहीत. संस्कृत किती आणि इंग्रजी किती, या प्रश्नावर (मांसाहारासारखे आणखीही वाद होतेच) १८९३च्या सुमारास पंजाबातला आर्य समाज दुभंगला. एक पक्ष कॉलेजवाल्यांचा. दुसरा गुरुकुलवाल्यांचा, त्यांच्यापैकी लाला मुन्शीराम, म्हणजे पुढचे स्वामी श्रद्धानंद, यांनी १९०२ साली हरिद्वारजवळ कांगडीला गुरुकुल काढलं. सोलापुरात आलं ते कॉलेजवाल्यांचं घराणं. इंग्रजी शिकल्यानं धर्म बुडत नाही, उलट इंग्रजी न शिकणारा समाज बुडतो, असं मानणारं. पंजाबात ज्या प्रश्नावर अर्धशतक भांडण झालं होतं, तो सोलापूरच्या वर्गात वेगळ्याच रूपात उभा राहिला. इथं संस्कृत विरुद्ध इंग्रजी असा सामना नव्हताच. इथं वर्गातल्या बाकावर किती भाषा बसल्या आहेत, हे आधी मोजावं लागायचं.

सोलापूरकराला हे सांगायची गरज नाही, पण स्मरणिका बाहेरगावीही जाते म्हणून सांगतो. सोलापुरात लागलेल्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ला फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांची नावं घ्या: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. नुसती नावं वाचली तरी गावाची वस्ती कळते. पूर्व भागात तेलंगणातून मागासकट आलेले पद्मशाली, घरात तेलुगू. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या गावांत, शहरातल्या लिंगायत वाड्यांत कानडी. मुसलमान मोहल्ल्यांत दखनी, शाळेत उर्दू. व्यापारी पेठेत मारवाडी आणि गुजराती. या सगळ्यांना जोडणारी मराठी, तीही ‘काय करलालास बे’ अशी सोलापुरी. नगरपालिकेच्या प्राथमिक शाळा मराठी, उर्दू, कानडी आणि तेलुगू अशा चार माध्यमांतून चालत आल्या, त्या उगाच नव्हे.

त्यात कॉलेज निघाल्यावर निजामाच्या मुलखातली पोरं आली. त्यांची कथा आणखी निराळी. हैदराबाद राज्यात माध्यमिक शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठ तर वरपर्यंत उर्दूतून शिकवायचं. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो देशातला पहिला मोठा प्रयोग. मराठवाड्याच्या मुलाला जवळचं ठिकाण म्हणजे औरंगाबादचं इंटरमीजिएट कॉलेज, नाहीतर थेट हैदराबाद. उस्मानाबाद, लातूर, उमरगा, गुलबर्गा या पट्ट्याला त्यापेक्षा सोलापूर जवळचं, आणि निजामाच्या पोलिसांच्या नजरेबाहेरचं. असा मुलगा घरी मराठी किंवा कानडी बोलायचा, गणित-इतिहास उर्दूत शिकलेला असायचा, आणि सोलापुरात येऊन बसल्यावर त्याच्या पुढ्यात सगळं इंग्रजीत यायचं, कारण कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. तर्कशास्त्र इंग्रजीत, अर्थशास्त्र इंग्रजीत, शिवाजी महाराजांचा इतिहासही इंग्रजीत. इंग्रजीचा तास हा त्याच्या दिवसातला इंग्रजीचा एक लहानसा भाग होता.

एका बाबतीत मात्र या पोरांचं नशीब बरं म्हणायला हवं. लाहोरच्या परंपरेतली शिकलेली माणसं उर्दू वाचत-लिहीत वाढलेली असत. निजामाच्या शाळेत शिकलेली भाषा लाहोरकडून आलेल्या माणसाशी बोलायला कामी येणारी होती. पुण्याहून आलेल्या अध्यापकाशी ती येती ना.

फाळणीनं लाहोर गेलं. मूळ कॉलेज पाकिस्तानात राहिलं आणि संस्थेचं कार्यालय दिल्लीला हललं. सोलापूरची शाखा मूळ खोडाशिवाय जगायला शिकली. मुघलांच्या धार्मिक धोरणावरच्या ग्रंथामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना माहीत असलेले प्रा. श्रीराम शर्मा लाहोरच्या डीएव्हीतले. ते पुढे सोलापूरला प्राचार्य झाले. त्यांच्या काही पुस्तकांवर प्रकाशनाचं ठिकाण सोलापूर असं छापलेलं आहे. कापडाच्या गावातून मध्ययुगीन भारतावरचे इंग्रजी ग्रंथ निघावेत, याचं त्या काळी बाहेरच्यांना नवल वाटलं असेल.

आता प्रत्यक्ष शिकवण्याकडे येतो. त्या पिढीची मुलं कॉलेजात यायची ती तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घोकून. मराठी वाक्य द्यायचं, त्याचं इंग्रजी करायचं; इंग्रजी वाक्य द्यायचं, त्याचं मराठी करायचं. पुण्या-साताऱ्याच्या मुलाला ही पद्धत फळली. तिच्यामुळे व्याकरण हाडात मुरायचं, हे तिला नावं ठेवणाऱ्यांनीही कबूल करावं. पण शाळेत मराठी घेतलेल्या तेलुगू घरच्या मुलाची गत काय होती पाहा. त्यानं मराठीतून, म्हणजे त्याच्या दुसऱ्या भाषेतून, इंग्रजीत भाषांतर करायचं. चूक झाली तर ती मराठी न कळल्याची की इंग्रजी न आल्याची, हे मास्तरांनाही सांगता यायचं नाही. मला वाटतं, अशा कितीतरी मुलांवर ‘इंग्रजी कच्ची’ हा शिक्का बसला तो खरं तर मराठीच्या खात्यावरचा होता.

चुकांचं सोलापुरी शास्त्र हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. ज्यानं इथल्या पेपरांचे गठ्ठे तपासलेत त्याला ते तोंडपाठ असतं. तेलुगू आणि कानडी घरातला मुलगा शब्दाच्या शेवटी स्वर चिकटवतो: बसची ‘बस्सु’ होते. आरंभीचा ‘ए’ त्याच्या तोंडी ‘ये’ होतो. दखनी बोलणारा ‘इस्कूल’ला जातो आणि ‘इस्टेशन’वर उतरतो. मराठी मुलाला ऱ्हस्व-दीर्घाचा फरक ऐकूच येत नाही, त्यामुळे जहाज आणि मेंढी एकाच उच्चारात नांदतात. उच्चारांत हे असे वेगवेगळे. वाक्यरचनेत मात्र एका माळेचे मणी. मराठी, दखनी, कानडी, तेलुगू या चारही भाषांत क्रियापद शेवटी येतं. चौघींतही इंग्रजीसारखं ‘द’ हे उपपद नाही. चौघींतही ‘मी दोन वर्षांपासून इथं राहतो’ हे वर्तमानकाळात म्हणतात, म्हणून वर्गातला प्रत्येक जण ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स’ लिहितो. ‘आज’वर जोर द्यायला मराठीत ‘च’ आहे, दखनीनं तो ‘च’ उचललाय, तेलुगू-कानडीत त्यासाठी शेवटी ‘ए’ लागतो. आणि इंग्रजीत या सगळ्यांचा मिळून एकच ‘ओन्ली’ होतो: ‘ही इज कमिंग टुडे ओन्ली’. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की शेजारी राहून राहून भाषांची वळणं एक होतात. ते वाचायला ग्रंथालयात जायची गरज नाही, प्रथम वर्षाचा एक निबंध-गठ्ठा पुरे.

याचा शिकवणाऱ्याला फायदा असा की वाक्यरचनेचा एक धडा चारही घरांना एकदम लागू पडतो. तोटा असा की उच्चाराचा एकही धडा सगळ्यांना एकदम लागू पडत नाही. लंडनहून छापून आलेल्या पुस्तकांत यातलं काहीच नसायचं.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं इंग्रजीच्या मुळाशीच हात घातला. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळानं मुंबई राज्यात पाचवी ते सातवीतली इंग्रजी काढली. ती आठवीपासून सुरू करायची ठरलं. हेतू चांगला होता: लहान वयात पोरांवर परक्या भाषेचं ओझं नको. १९५४च्या जानेवारीत सरकारनं आणखी पुढे जाऊन इंग्रजी माध्यमाच्या शाळांत अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाचे नागरिक वगळता इतरांना प्रवेश बंद करणारा आदेश काढला. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या प्रकरणात तो सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी रद्द ठरवला. म्हणजे ज्याच्या गावी इंग्रजी माध्यमाची शाळा आणि खिशात तिची फी, त्याची वाट मोकळी राहिली. ज्याच्याकडे यातलं काही नाही, तो आठवीपर्यंत थांबला. पन्नाशीच्या दशकात कॉलेजच्या पहिल्या वर्षात आलेल्या सोलापूरच्या मुलाच्या गाठीला इंग्रजीची तीन-चार वर्षं असायची, आणि विद्यापीठाचं पाठ्यपुस्तक मात्र सात वर्षं गृहीत धरून लावलेलं असायचं. मधलं अंतर भरून काढायचं काम कॉलेजवर आलं. ते कोणी सोपवलं नव्हतं, त्यामुळे त्याची दखलही कोणी घेतली नाही. मराठीत अर्थ सांगायचा, कानडी-तेलुगू मुलाकडे बघून हिंदीत पुन्हा सांगायचा, मग इंग्रजी वाक्य वाचायचं. अशा तासाला शुद्धतावादी नाकं मुरडतात, पण दुसरा मार्ग कोणता होता हे त्यांनी सांगावं.

१९५८ साली हैदराबादला केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली, आजचं इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ. रचनांच्या क्रमानं भाषा शिकवायची, एका वेळी एकच नमुना, तोंडी सराव आधी, हे नवं शास्त्र तिथून देशभर पसरलं. पुणं आणि हैदराबाद यांच्या मधोमध बसलेल्या सोलापूरला दोन्हीकडचे वारे लागायचे. पुण्याकडून साहित्य यायचं, हैदराबादकडून पद्धत. माझ्या मते आपल्या गावाला दुसऱ्याची गरज जास्त होती, आणि मान मात्र कायम पहिल्याचा राहिला.

मधल्या काळात विद्यापीठं बदलत गेली. १९४० साली मुंबई. १९४९ साली पुणे विद्यापीठ निघालं तेव्हा सोलापूर जिल्हा त्याच्याकडे गेला. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, आपण तिकडे. २००४च्या १ ऑगस्टला सोलापूर विद्यापीठ अस्तित्वात आलं, एका जिल्ह्यापुरतं, केगावला. २०१९ साली त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. इमारत तीच, चार विद्यापीठांचे चार इंग्रजी अभ्यासक्रम. गावातली सोबतही वाढली: १९५३ साली अप्पासाहेब काडादींच्या पुढाकारानं संगमेश्वर कॉलेज, १९६२ साली वालचंद कला व शास्त्र महाविद्यालय. दयानंदच्या आवारातही वाणिज्य, कायदा, शिक्षणशास्त्र अशी भावंडं उभी राहिली, आणि मूळ कॉलेजच्या फलकावर दमाणी भैरूरतन फत्तेचंद हे नाव आलं. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ आणि १९६१ साली लातूरला त्यांचं स्वतःचं दयानंद महाविद्यालय झाल्यावर तिकडचा ओघ ओसरला. तरी तुळजापूर, उमरगा या सीमेवरच्या तालुक्यांतली मुलं सोलापूरच्या एसटीत बसायची थांबली नाहीत.

या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांत सर्वांत ठळक नाव सुशीलकुमार शिंदे यांचं. सोलापूरच्या कोर्टात नोकरी करता करता ते रात्रशाळेत शिकले, पुढे दयानंदमधून पदवीधर झाले. ते मुख्यमंत्री झाले, देशाचे गृहमंत्री झाले, म्हणून त्यांचं नाव सगळे घेतात. मला त्याच्या आधीचा टप्पा जास्त महत्त्वाचा वाटतो: दिवसभर कोर्टाचे इंग्रजी कागद पोचवणारा आणि रात्री इंग्रजीचं पुस्तक उघडणारा तरुण. सोलापुरात असे पुष्कळ होते. गिरणीची पाळी करून येणारे, मागावर बसून येणारे, पेढीवर जमाखर्च लिहून येणारे. इंग्रजी त्यांना शेक्सपिअरसाठी नको होती. बिल, अर्ज, नोटीस आणि मुलाखत यांच्यासाठी हवी होती.

आणि इथंच महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांत जातीसारखी एक उच्च-नीच व्यवस्था तयार झाली. ‘स्पेशल इंग्लिश’ आणि ‘कंपल्सरी इंग्लिश’. स्पेशलला मूठभर मुलं, ज्येष्ठ प्राध्यापक, कीट्स आणि हार्डी. कंपल्सरीला शंभराचा वर्ग आणि नुकता नेमलेला तरुण अधिव्याख्याता. १९७५ साली दहावीची नवी परीक्षा सुरू झाली आणि दहा अधिक दोन अधिक तीनचा आराखडा आला, तशी अकरावी-बारावीचीही भर पडली. ज्याला सर्वांत अनुभवी मास्तर लागतो, त्याच्याच वाट्याला सर्वांत अननुभवी मास्तर यायचा. मग पोरं ‘एकवीस अपेक्षित’ आणि गाइडांच्या आश्रयाला गेली तर त्यांना कशाला दोष द्यायचा? ‘इंग्रजीत उडाला’ हे वाक्य सोलापुरातल्या प्रत्येक घरानं एकदा तरी ऐकलंय. बाकी सगळे विषय सुटले आणि इंग्रजीनं एटीकेटी लावली, मग लग्न झालं, मग राहून गेलं; विशेषतः मुलींच्या बाबतीत.

२००० सालच्या जूनपासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली. खेरांच्या निर्णयाच्या बरोबर उलट टोक. पुढे सेमी-इंग्रजी आलं, आणि गल्लोगल्ली कॉन्व्हेंट नावाच्या शाळाही, ज्यांचा कोणत्याही मठाशी संबंध नव्हता. आता कॉलेजात येणारं मूल बारा वर्षं इंग्रजी शिकून येतं. पाहुण्यांपुढे कविता म्हणून दाखवतं, मोबाइलवर इंग्रजी चटचट लिहितं, आणि समोर बसवून दोन मिनिटं बोलायला सांगितलं की गप्प होतं. वर्षं वाढवली की भाषा वाढते, हा हिशेब चुकला. वाढली ती ओळख. सवय वाढली नाही. अभ्यासक्रमात संभाषणकौशल्य शिरलं, पण गटचर्चेचा धडा गट न पाडता शिकवला जातो आणि संभाषणाची परीक्षा लेखी होते.

बाकावरची मुलंही बदलली. कुंभारीला विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत झाली, २००६ साली ती घरं दिली गेली. तिथल्या आणि पूर्व भागातल्या कित्येक मुलींच्या घरात कॉलेजात जाणारी पहिली व्यक्ती म्हणजे त्या स्वतः. आई सुपात तंबाखू-पान घेऊन तेलुगूत बोलते, शाळा मराठी किंवा तेलुगू माध्यमाची, टीव्ही हिंदी, आणि प्रथम वर्षाचं पुस्तक इंग्रजी. १९४० साली निजामाच्या हद्दीतून आलेल्या मुलाची जी अवस्था होती, तिच्यापेक्षा ही फार वेगळी नाही. फक्त आता हद्द ओलांडावी लागत नाही, सिटी बसनं येता येतं.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना २०२०च्या डिसेंबरात ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा जगभर क्यूआर कोडची चर्चा झाली. त्यांची ओळख करून देताना पुरस्कार देणाऱ्यांनी आवर्जून सांगितलेली एक गोष्ट इथं फारशी कोणी उचलली नाही: पाठ्यपुस्तक मुलांच्या घरच्या भाषेत नव्हतं, ते त्यांनी त्या भाषेत आणलं. सोलापूर जिल्ह्याच्या शिक्षणाचा हा जुनाच प्रश्न आहे, तो फक्त त्या निमित्तानं लंडनपर्यंत पोचला.

२०२५ साली राज्यात पहिलीपासून हिंदीवरून वादळ उठलं. एप्रिलमध्ये शासननिर्णय निघाला, जूनअखेर तो मागे घेतला गेला. दोन भाषा की तीन, यावर महाराष्ट्रभर तावातावानं बोलणं झालं. तेलुगू आणि कानडी माध्यमाच्या सोलापूरकर मुलाला मात्र मातृभाषा, मराठी, हिंदी आणि इंग्रजी या चारही भाषा शाळेतच भेटतात, तो वाद होण्याच्या आधीपासून. ती मुलं काही मागे पडत नाहीत. चार भाषा येणं हे त्यांचं बळ आहे. इंग्रजीच्या वर्गात ते बळ हिशेबात धरलं जात नाही, इतकंच.

आणि धरता येईल, खर्च न करता. प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रवेश अर्जात मातृभाषेचा रकाना असतो. तो भरून घेतला जातो आणि कार्यालयाच्या कपाटात जातो. जूनमध्ये इंग्रजी विभागानं ते अर्ज मागवून घ्यावेत, आवश्यक इंग्रजीच्या तुकड्या करताना तो रकाना वाचावा, उच्चाराच्या सरावाला तेलुगू-कानडी मुलं एका बाजूला आणि दखनी-मराठी दुसऱ्या बाजूला बसवावीत, वाक्यरचनेच्या तासाला सगळ्यांना एकत्र आणावं, आणि कंपल्सरीचा पहिला तास विभागप्रमुखांनी स्वतः घ्यावा. येत्या शैक्षणिक वर्षापासून.